द्रवरूप ऑक्सिजनची टाकी उभारताना: खपाच्या हिशेबापासून पहिल्या भरणीपर्यंत

"सर, टाकीला घाम सुटलाय."

जुलैत गोव्यात घाम कशाला सुटत नाही? भिंतींना सुटतो, मिठाच्या बरणीला सुटतो. म्हणून मी फोनवर विचारलं, "सगळीकडे आहे की एकाच जागी?" ऑपरेटर बाहेर जाऊन बघून आला. "वरच्या डिशच्या, त्या घुमटासारख्या टोकाच्या, खाली हातभर रुंद पट्टा आहे. बाकी टाकी कोरडी."

मग मात्र मी गाडी काढली. टाकी नवी होती, ट्रकवर आडवी पडून घाट उतरून आलेली. अशी टाकी म्हणजे एकात एक बसवलेली दोन भांडी, मधली हवा काढून घेतलेली. त्या दोन भांड्यांमधला पर्लाइट, म्हणजे उष्णता अडवणारी हलकी भुकटी, वाटेतल्या हादऱ्यांनी खाली बसला होता आणि टाकी उभी केल्यावर वरच्या बाजूला पोकळ जागा राहिली होती. तिथून उष्णता आत शिरत होती. गळती नव्हती, आवाज नव्हता. फक्त दाबाचा काटा रोज थोडा जास्त चढत होता.

हा प्रसंग आधी सांगितला, कारण टाकीकडे बघायची दृष्टी त्यातून मिळते. अतिथंड द्रवाच्या टाकीत दाब येतो तो उष्णतेमुळे. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, नायट्रोजन उणे १९६ला, आर्गॉन उणे १८६ला, एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, साधारण उणे १६२ला. कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या उन्हात उभी असलेली टाकी बाहेरून तीस-पस्तीस अंशांवर असते. म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंत दोनशे अंशांहून अधिक फरक. आत शिरलेल्या उष्णतेने द्रव उकळतो, वाफ साठते, दाब चढतो आणि शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून विकत घेतलेला वायू हवेत जातो. टाकी सुरक्षित करणं आणि काटकसरीची करणं ही म्हणूनच दोन वेगळी कामं नाहीत. खाली उदाहरण रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीचं घेतलंय. नायट्रोजन-आर्गॉनला बहुतेक तेच लागू पडतं.

पायरी १: आधी खप मोजा

एक लिटर द्रव ऑक्सिजनचा साधारण ८६० लिटर वायू होतो. १० किलोलिटरची टाकी ९५ टक्के भरली तर त्यात सुमारे १०,८०० किलो ऑक्सिजन मावतो. ७ घनमीटरच्या जंबो सिलिंडरमध्ये सव्वानऊ किलोच्या आसपास असतो. म्हणजे ही एक टाकी ११५०हून अधिक जंबोंचं काम करते. मे २०२१मध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सिलिंडरच्या ट्रॉल्या बदलताना पुरवठ्याचा दाब पडत होता आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे होतं. त्याच महिन्यात तिथे २०,००० लिटरची टाकी बसली. हा फरक कागदावर समजावून सांगायची गरज गोव्यात आता उरलेली नाही.

पण म्हणून मोठीच टाकी घ्यावी असं नाही. चांगल्या १० किलोलिटर टाकीतून दिवसाला साधारण ०.४ टक्का द्रव आपोआप उकळतो, म्हणजे ४३ किलो. ऑक्सिजनची बाष्पीभवनाची उष्णता किलोला २१३ किलोज्यूल धरा आणि भागाकार करा: टाकीत शिरणारी उष्णता १०७ वॅट निघते. जुन्या शंभर वॅटच्या एका बल्बाएवढी! तो बल्ब दिवसाला साडेचार जंबो उकळवतो. तुमचा रोजचा खप याहून जास्त असेल तर ही वाफ इकॉनॉमायझर व्हॉल्व्हमधून आधी वापरली जाते आणि काहीच वाया जात नाही. खप कमी असेल तर उरलेली वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून जाणारच. दिवसाला तीन-चार सिलिंडर वापरणाऱ्या दवाखान्याने शेजाऱ्याचं बघून १० किलोलिटरची टाकी बसवू नये.

दुसऱ्या बाजूने घाटाचा विचार करा. आपल्याकडे टँकर कोल्हापूरच्या किंवा बळ्ळारीच्या बाजूने घाट उतरून येतो. अनमोडला किंवा चोर्ल्याला दरड आली की वाट बदलते, दिवस वाढतात. मी रुग्णालयांना पावसाळ्यातल्या खपाचे दहा दिवस धरायला सांगतो. पुण्या-मुंबईत पाच-सहा दिवसांवर भागतं. दिवसाला ४० जंबो लागत असतील तर खप ३७० किलो, म्हणजे ३२५ लिटर द्रव. दहा दिवसांचे ३२५० लिटर. तळाचा राखीव साठा धरून ५ किलोलिटरची टाकी पुरते.

पायरी २: दाब ठरवा आणि पत्र्याची जाडी काढा

रुग्णालयाच्या लाइनीत ४ बारच्या आसपास दाब लागतो. टाकी त्यासाठी ८ ते १० बारवर चालवली तरी चालते. बाजारात १७ बारच्या टाक्या सर्रास मिळतात, त्या घेतल्याने बिघडत नाही, वाफ धरून ठेवायला वाव मिळतो. मात्र ३० बारच्या टाकीचा आग्रह कुणी धरला तर कारण विचारा. जाड पत्रा म्हणजे जास्त वजन, आणि पहिल्या भरणीत थंड करावं लागणारं लोखंडही जास्त.

आतल्या भांड्याचा हिशेब एएसएमई, म्हणजे अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेच्या आठव्या विभागातल्या साध्या सूत्राने होतो: जाडी = दाब × त्रिज्या ÷ (मान्य ताण × जोडाची कार्यक्षमता − ०.६ × दाब). टाकी १० किलोलिटरची, आतला व्यास १.८ मीटर, म्हणजे त्रिज्या ९०० मिमी. स्टेनलेस ३०४चा मान्य ताण १३८ मेगापास्कल. दाब १.७ मेगापास्कल, म्हणजे १७ बार. इथेच नवखा माणूस फसतो. बाहेर निर्वात आहे, त्यामुळे आतल्या भिंतीला आणखी ०.१ मेगापास्कल सोसावे लागतात. तेवढं धरून, वेल्डिंगची पूर्ण रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रेसारखी तपासणी, केली असेल (जोडाची कार्यक्षमता १) तर, जाडी ११.८ मिमी येते. १२चा पत्रा बसला म्हणून खूश व्हायचं, तेवढ्यात द्रवाचं स्वतःचं वजन आठवतं. चार मीटरच्या आसपास उंचीचा द्रव ऑक्सिजन तळाशी ०.०४४ मेगापास्कल भर घालतो. पुन्हा मांडा: १२.१२ मिमी. बारा पुरत नाही.

रेडिओग्राफी नमुन्यापुरतीच केली तर जोडाची कार्यक्षमता ०.८५ धरावी लागते आणि तीच जाडी १४.३ मिमीवर जाते. दोन मिलिमीटरचा हा फरक दंडगोलात साडेतीनशे किलो स्टेनलेसचा आहे. फिल्मवर वाचवलेला पैसा पत्र्यात जातो, शिवाय जोड न तपासलेले राहतात ते राहतातच.

हा हिशेब समजण्यासाठी आहे. प्रत्यक्ष आराखडा, डिश, नोझल, आधार हे सगळं बनवणारा करतो आणि पेसो, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, तो मंजूर करते. १००० लिटरहून मोठ्या दाबपात्रांना २०१६चे स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे नियम लागतात. मंजुरीआधी पत्रा कापू देऊ नका.

पायरी ३: धातू

साधं कार्बन पोलाद पाण्याच्या गोठणबिंदूच्या फार खाली काचेसारखं होतं. २० ऑक्टोबर १९४४ला अमेरिकेत क्लीव्हलँडला एलएनजीची टाकी फुटली आणि लागलेल्या आगीत सव्वाशेहून अधिक माणसं गेली. त्या टाकीचं पोलाद साडेतीन टक्के निकेलचं होतं, त्या थंडीला पुरेसं चिवट नव्हतं. पुढे एलएनजीसाठी नऊ टक्के निकेलचं पोलाद रूढ झालं. आपल्या टाकीत आतलं भांडं स्टेनलेस ३०४चं, बाहेरचं कार्बन पोलादाचं. बाहेरचं भांडं थंड होत नाही, म्हणून ते चालतं. याचा व्यत्यास लक्षात ठेवा: बाहेरच्या भांड्यावर, त्याच्या पायावर किंवा शेजारच्या लोखंडी शिडीवर द्रव सांडू द्यायचा नाही. तडा तिथेच जातो.

स्टेनलेस थंड होताना मीटरला जवळजवळ तीन मिलिमीटर आकसतं. चार मीटरच्या भांड्याला बारा मिलिमीटर हलायची मोकळीक हवी. आधार एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला सरकते. आतले पाइप वळसा देऊन बाहेर काढलेले. वळसा लवचीकपणाही देतो आणि उष्णतेची वाटही लांबवतो.

पायरी ४: निर्वात आणि पर्लाइट

दोन भांड्यांमध्ये फुलवलेला पर्लाइट भरून हवा काढून घेतात. हवेत पर्लाइटची उष्णतावाहकता साधारण ४० मिलिवॅट प्रतिमीटर-केल्विन असते, निर्वातात ती एक-दोनवर येते. चकाकत्या पातळ थरांचं बहुस्तरीय आवरण याहून कितीतरी चांगलं, पण त्याला निर्वात फार खोल लागतो आणि तो बिघडला की सगळंच बिघडतं. रोज वापर असलेल्या उभ्या टाकीला पर्लाइट पुरतो. वाहतुकीच्या टाक्या, हायड्रोजन, हीलियम इथे बहुधा थर वापरतात.

टाकी ताब्यात घेताना निर्वाताचं माप स्वतः बघा. मापाचं एकक मायक्रॉन, पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग. टाकी थंड असताना ते ५०च्या आत असावं. वाहतुकीनंतर, भरण्याआधी एकदा आणि भरल्यावर आठवड्याने एकदा मोजून नोंद करा. तो घामाचा पट्टा दिसला त्या टाकीची ही नोंदच नव्हती. बनवणाऱ्याशी बोलताना हातात आकडा नसला की माणूस हरतो.

पायरी ५: सुटकेचे रस्ते

ही पायरी मी कधी घाईने उरकत नाही. चवथीला पाच दिवस बंद असलेल्या एका कारखान्यात नायट्रोजनची टाकी होती. वापर थांबला, दाब चढत गेला, तिसऱ्या रात्री सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला. तो सुटणं बरोबरच होतं. पण वॉचमनला फुसफुस ऐकू आली, पांढरं धुकं दिसलं. बिचाऱ्याने गळती समजून त्या व्हॉल्व्हच्या खालची कॉक बंद केली. आवाज थांबला. सकाळी मला फोन आला की रात्री गळती झाली होती, ती थांबवली.

कॉक पुन्हा उघडेपर्यंत मी त्या टाकीकडे पाठ केली नाही. दोष वॉचमनचा नव्हता. बंद होऊ शकेल अशी कॉक सेफ्टी व्हॉल्व्हखाली बसवणाऱ्याचा होता. तिथे तीन-मार्गी व्हॉल्व्ह हवा: दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, दोन फुटणाऱ्या चकत्या, आणि दांडा कुठेही फिरवला तरी एक बाजू टाकीशी जोडलेलीच. तपासणीला एक काढला तरी दुसरा कामावर. सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी सक्षम व्यक्तीकडून दरवर्षी होते, त्या वेळी या रचनेची किंमत कळते. बाहेरच्या भांड्यालाही स्वतःचं झाकण लागतं. आतलं भांडं झिरपलं तर मधल्या जागेत दाब येतो, तो या झाकणातून सुटतो. ते रंग फासून चिकटवून टाकलेलं मी पाहिलंय.

दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकू शकेल अशी प्रत्येक जागा नकाशावर लाल पेनने गोल करा. अडकलेला द्रव तापला की पाइप फाडतो. अशा प्रत्येक तुकड्यावर छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह. गोल जितके, व्हॉल्व्ह तितके.

आणि कुंभारमाश्या. पावसाळा सरला की त्या बोटभर भोक शोधतात आणि मातीचं घर बांधतात. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड त्यांना फारच आवडतं. तोंडाला जाळी किंवा सहज उडणारी टोपी लावा, तोंड माणसांपासून दूर आणि पावसाचं पाणी साचणार नाही असं ठेवा. दसऱ्याच्या सुमारास एकदा शिडी लावून प्रत्येक तोंड डोळ्यांनी बघा.

पायरी ६: तेलाचा मज्जाव

ऑक्सिजनच्या टाकीत, पाइपात, व्हॉल्व्हवर ग्रीस नाही, तेल नाही, साधा थ्रेड टेपही ऑक्सिजनसाठी चालणाराच. प्रत्येक भाग चिकटपणा काढून धुतलेला, वाळवलेला, पिशवीत बंद करून आलेला हवा. फिटरला मी कामाआधी हात साबणाने धुवायला लावतो. आपल्याकडे डोक्याला खोबरेल असतंच, तोच हात केसांवरून फिरतो. ऑक्सिजनचे व्हॉल्व्ह हळू उघडायचे. झटक्याने उघडला तर पुढचा वायू दाबला जाऊन एका क्षणात तापतो, आणि तिथे तेलाचा ठिपका असला की पेट घेतो.

पायरी ७: जागा आणि पाया

टाकीखाली आणि टँकर उभा राहतो तिथे फक्त काँक्रीट. डांबर नको. द्रव ऑक्सिजन मुरलेलं डांबर बुटाच्या ठोकरीनेही स्फोट पावू शकतं. आजूबाजूला माड असेल तर झावळ्या आणि नारळ दोन्ही पडणार, म्हणजे जागा चुकली. थंड वायू हवेपेक्षा जड, तो उतारावरून गटारात, तळघरात, चिऱ्याच्या कुंपणाच्या कोपऱ्यात साठतो. हवेत ऑक्सिजन २३.५ टक्क्यांवर गेला तर कपडेसुद्धा भराभर पेटतात. नायट्रोजनच्या टाकीजवळ उलटं, १९.५च्या खाली हवा धोक्याची, आणि ऑक्सिजन आणखी बराच उतरला की माणूस न सांगता कोसळतो. कुंपण जाळीचं ठेवा, चिऱ्याची भरीव भिंत तिन्ही बाजूंनी उठवू नका. सुरक्षित अंतराचा तक्ता नियमांत आहे, तो नकाशावर टेप लावून मोजा.

पणजीचा मूळ वाऱ्याचा वेग भारतीय मानकात सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. वाऱ्याचा हिशेब टाकी रिकामी धरून करायचा, भूकंपाचा भरलेली धरून. जांभा दिसायला कणखर, पण खाली मऊ मातीचे कप्पे निघतात, म्हणून माती तपासल्याशिवाय पायाचे बोल्ट ठरवू नका. वास्कोकडे खारा वारा बाहेरच्या भांड्याचा रंग दोन पावसाळ्यांत उडवतो. रंग पांढराच द्या. पायाच्या प्लेटखाली पाणी साचायला जागा ठेवू नका, गंज तिथूनच लागतो.

पायरी ८: व्हेपोरायझर

ॲल्युमिनियमच्या पंखांचा हा सांगाडा हवेतून उष्णता घेतो आणि द्रवाचा वायू करतो. वीज लागत नाही. तौक्ते वादळाने मे २०२१मध्ये गोव्याची वीज तोडली तेव्हा हाच मोठा दिलासा होता. पण गोव्याच्या दमट हवेत त्यावर बर्फ भराभर चढतो. बर्फ चढला की पंख हवेला मुकतात आणि थंड वायू, कधी द्रवसुद्धा, लाइनीत जातो. म्हणून दोन संच लावा, साधारण आठ तासांनी आलटून-पालटून. आकार ठरवताना विक्रेत्याला जुलैतला खप सांगा. पत्र्याच्या छपराखाली, पावळीच्या धारेखाली तो उभा करू नका. बर्फ हातोडीने फोडायचा नाही, नळाच्या पाण्याने उतरवायचा.

पायरी ९: चाचणी आणि पहिली भरणी

पाण्याने चाचणी केली तर भांडं पूर्ण वाळवावं लागतं. राहिलेला थेंब बर्फ होऊन व्हॉल्व्ह अडवतो. म्हणून पुष्कळदा हवेने किंवा नायट्रोजनने, आराखडा-दाबाच्या १.१ पटीवर चाचणी घेतात. त्या वेळी १० घनमीटर टाकीत सुमारे २८ मेगाज्यूल ऊर्जा कोंडलेली असते, सहा किलो टीएनटीएवढी. दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा आणि चहा आणणाऱ्या पोरासकट सगळ्यांनी लांब थांबायचं.

मग कोरड्या नायट्रोजनने इतकं धुवायचं की बाहेर येणाऱ्या वायूचा दवबिंदू उणे ४० अंशांखाली जाईल. त्यानंतर व्हेंट उघडा ठेवून द्रव थोडा थोडा आत सोडायचा. सुरुवातीचा बहुतेक द्रव भांडं थंड करण्यातच उकळून जातो, टँकरवाला घाई करतो, करू द्या. आवाज मंदावला की वेग वाढवा. वरून भरलं की थंड फवाऱ्याने वाफेचा पुन्हा द्रव होऊन दाब उतरतो, तळातून भरलं की चढतो. दोन्ही व्हॉल्व्ह हातात ठेवून दाब जागेवर ठेवणं हीच भरणीची कला. ट्रायकॉकमधून, म्हणजे भरणीची हद्द दाखवणाऱ्या छोट्या कॉकमधून, द्रव थुंकायला लागला की ९५ टक्के झाले, बंद करा. वरचे पाच टक्के वाफेसाठी आहेत, फुकट जागा नव्हे.

२१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीने पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. म्हणून टाकी कितीही चांगली असली तरी सिलिंडरचा मॅनिफोल्ड, म्हणजे एकाच लाइनीला जोडलेला सिलिंडरांचा संच, शेजारी भरलेला आणि आपोआप सुरू होणारा हवा. पहिल्या भरणीच्याच दिवशी टाकीचा व्हॉल्व्ह मुद्दाम बंद करून तो उचलतो का ते बघा. वॉर्डमध्ये रुग्ण यायच्या आत. नळी काढताना आधी तिच्यातला द्रव सोडून द्या, चेहऱ्यावर शील्ड आणि हातात सैल चामडी मोजे. मोजे सैल अशासाठी की आत द्रव गेला तर झटकून काढता यावेत.

पायरी १०: रोजची फेरी

पातळी, दाब, कोणता व्हेपोरायझर चालू, बर्फ कुठवर चढलाय. पाच मिनिटांचं काम आहे. रोज एकाच वेळी लिहा, म्हणजे आकडे एकमेकांशी बोलतात. वापर नसलेल्या रविवारी दाब किती चढला हा आकडा मला सगळ्यात आवडतो. तो महिनोन्‌महिने सारखा असेल तर निर्वात शाबूत आहे. तो हळूहळू वाढत असेल तर घाम दिसायच्या आधीच बनवणाऱ्याला फोन करता येतो.

त्या घामाच्या पट्ट्याच्या टाकीत पर्लाइटची भर घालून पुन्हा निर्वात केला. कारखान्याची माणसं तीन दिवस इथेच राहिली, मॅनिफोल्डवर रुग्णालय चाललं. आता तो ऑपरेटर दर पावसाळ्यात सकाळी टाकीभोवती एक फेरी मारतो, अंगठ्याने पत्रा पुसत. ओला कुठे आणि कोरडा कुठे, ते वहीत लिहितो. परवा म्हणाला, "सर, यंदा सगळीकडे सारखाच घाम आहे."